एजंटला पहिला ईमेल धाडण्याआधी

ललितेतर पुस्तकासाठी लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा मध्यस्थ, गाठायचा असेल, तर अख्खं पुस्तक लिहून होईपर्यंत थांबू नका. कादंबरीला पूर्ण हस्तलिखित लागतं. ललितेतर पुस्तक मात्र बहुधा प्रस्तावावरच विकलं जातं. अपवाद आत्मकथनाचा. तिथे सगळी भिस्त निवेदनावर असल्याने बरेच एजंट पूर्ण मजकूर मागतात.

प्रस्तावात पुस्तकाचा गाभा, प्रकरणवार आराखडा, एक-दोन नमुना प्रकरणं, वाचकवर्ग, तुमची ओळख आणि त्याच विषयावरच्या इतर पुस्तकांशी तुलना एवढं हवं. या तुलनेवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक जण नेमकी तीच उरकून टाकतात. गेल्या ३ ते ५ वर्षांतली चार-सहा पुस्तकं निवडा, ती खरोखर वाचा, मग त्यांत काय आहे आणि तुम्ही वेगळं काय देणार हे दोन-दोन ओळींत लिहा. ‘या विषयावर आजवर कुणीच लिहिलेलं नाही’ असं लिहायचा मोह होतो. ते वाचून संपादकाला शंका येते, की मग या विषयाला गिऱ्हाईक तरी आहे का? लाखोंनी खपलेल्या पुस्तकाशी बरोबरी सांगणंही तितकंच पोकळ वाटतं.

ओळखीत पदव्यांची जंत्री नको. हे पुस्तक तुम्हीच का लिहायचं, आणि ते विकत घेणाऱ्यांपर्यंत तुमचा हात आज कुठवर पोचतो, याचं उत्तर हवं. तुमची व्याख्यानं, लेख, शिकवण्या, वार्तापत्राचे वाचक यांचे खरे आकडे द्या. लहान असले तरी चालतील. फुगवलेले पुढे अडचणीत आणतात.

हस्तलिखित आधी स्वतःच कुठल्या प्रकाशकांकडे पाठवलं असेल, तर त्यांची नावं लिहून ठेवा आणि एजंटला ती आधीच सांगा. एकदा नकार दिलेल्या दारी तेच पुस्तक घेऊन जाणं त्यालाही जड जातं.

ईमेल एका पानात बसवा. प्रत्येक एजंटचे नियम वेगळे असतात, ते पाळा. एका वेळी पाच-सहा जणांनाच पाठवा. कुणाचंच उत्तर आलं नाही, तर पत्रातच खोट आहे असं धरून ते सुधारा आणि मग पुढच्यांना धाडा.

पैशाचं गणित आधीच समजून घ्या. एजंटचं कमिशन साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २० टक्के. ते पुस्तक विकल्यावर कापलं जातं. नुसतं वाचण्याचेच पैसे मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा. ॲडव्हान्स, म्हणजे प्रकाशकाकडून रॉयल्टीपोटी आगाऊ मिळणारी रक्कम, हाही एकरकमी येत नाही: काही करारावर सही झाल्यावर, काही मजकूर स्वीकारल्यावर, काही प्रकाशनाच्या वेळी. पुस्तकाच्या विक्रीतून तो वसूल होईपर्यंत रॉयल्टीचा पैसा हातात पडत नाही. तेव्हा नोकरी सोडायची घाई नको.

एजंट ‘हो’ म्हणाला, की हुरळून लगेच सही करू नका. प्रस्ताव कुठल्या संपादकांकडे जाणार, त्यांची उत्तरं तुम्हाला दाखवणार का, आणि संबंध तोडायचे झाले तर किती दिवसांची सूचना द्यायची, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, तरीही विचाराच.

आणि एक काम आजपासूनच: पुस्तकात वापरणार ती छायाचित्रं, दीर्घ उतारे, कविता यांची हक्कधारकांसह एक वही करा. परवानगी मिळवणं आणि तिचे पैसे भरणं बहुतेक करारांत लेखकाच्याच गळ्यात पडतं.