भूमिगत पत्रकांवर प्रोजेक्ट करताना मी केलेली गाढवपणाची कामं

जर्नलिझमच्या प्रोजेक्टला आणीबाणीतली भूमिगत पत्रकं हा विषय घेतला तेव्हा वाटलं, बडोद्यात राहतोय म्हणजे अर्धं काम झालंच. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन सरळ फाइल मागितली! अरे, ज्याच्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नावच नाही (१८६७ च्या कायद्याने ते छापणं सक्तीचं होतं) तो कागद लायब्ररीत जमा कोण करणार.

दुसरी चूक 'भूमिपुत्र' या गुजराती सर्वोदयी नियतकालिकाची. मी त्याला भूमिगत धरून बसलो, आणि ते तर इथूनच उघड निघायचं, सेन्सॉरविरुद्ध गुजरात हायकोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये जिंकलंही. गाईडने अख्खं चॅप्टर खोडलं. आणि हो, मार्च १९७६ पर्यंत गुजरातेत जनता मोर्चाचं (काँग्रेसविरोधी आघाडीचं) सरकार होतं, ते गेल्यावर हवा पालटली, बडोदा डायनामाइट प्रकरणात (स्फोटांचा कट केल्याचा आरोप होता तो खटला) इथले पत्रकार किरीट भट्ट आणि विक्रम राव आत गेले. तेव्हा पत्रक आधीचं की नंतरचं हे बघाच.

खरं मटेरियल मिळालं दांडिया बाजारातल्या एका काकांकडे. पहिल्या दिवशी विचारलं, "काका, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "चहा घे." संपलं. पुढच्या वेळी फक्त सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढायचं यंत्र) कसं चालायचं एवढंच विचारलं तर दीड तास बोलले, की टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, चुकलं तर करेक्शन फ्लुइड लावून फुंकत बसायचं, मग ड्रमवर चढवून हँडल मारायचं, कागद एकाच दुकानातून घ्यायचा नाही, आणि मोडक्या अक्षरावरून मशीन ओळखू येतं म्हणून कधीकधी हातानेच स्टेन्सिल कोरायचं. म्हणून सांगतो, मशीनचं विचारा, माणसांची नावं विचारू नका, ती त्यांना सांगायची असली तर येतात आपोआप.

त्यांच्याकडे एकच पान उरलंय. फोटो काढताना मागची बाजूही काढा, मी जवळजवळ विसरलोच होतो. पुढे तारीख नव्हती, पण मागे काकूंनी पेन्सिलीने दुधाचा हिशोब लिहिलेला, वर 'नोव्हेंबर ७५'. म्हणजे पान त्याच्या आधीचं किंवा त्याच महिन्यातलं. काकू आतून ओरडल्या, "दोन लिटरचे पैसे अजून द्यायचे राहिलेत बघ त्यात!"