सिम्युलेशन लॅबमध्ये टीम म्हणून काम करताना या चुका टाळा

"अरे कोणीतरी ॲड्रेनालिन द्या!" मॅनिकिनच्या, म्हणजे सरावासाठी रुग्ण म्हणून ठेवलेल्या पुतळ्याच्या, डोक्याशी उभा असलेला मुलगा ओरडतो आणि बाकीचे एकमेकांकडे बघत राहतात, नाहीतर दोघं एकदमच ट्रॉलीकडे पळतात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हवेत सोडलेली ऑर्डर कोणाचीच नसते. नाव घेऊन सांगा, "स्नेहा, ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम आयव्ही (शिरेतून) दे", तिने तेच परत म्हणायचं आणि दिल्यावर "दिलं" असं मोठ्याने सांगायचं, एकाने वेळ लिहून ठेवायची. याला क्लोज्ड लूप म्हणतात. पहिल्यांदा खूप अवघडल्यासारखं होतं, मान्य आहे, पण ३ ते ५ मिनिटांनी पुढचा डोस द्यायची वेळ येते आणि मागचा नक्की गेला का हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा त्याची किंमत कळते.

लीडरनेच सीपीआरला हात घालायचा नाही. आमच्या एका केसमध्ये लीडर स्वतः छाती दाबत होता, इतका जीव तोडून की मॉनिटरवर व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर, यात लगेच शॉक द्यायचा असतो) आलेलं त्याला दिसलंच नाही, आणि आम्ही बाकीचे तो सांगेल म्हणून थांबलो. लीडरने पायाशी उभं राहायचं, हात मोकळे, नजर सगळीकडे. दाबणाऱ्याने दर २ मिनिटांनी बदलायचं, "मी दमलो नाही" म्हटलं तरी, कारण दमल्याचं जाणवायच्या आधीच ५ ते ६ सेंटिमीटरची खोली कमी व्हायला लागते.

आता गप्प बसण्याबद्दल, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. फाइलवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली ज्युनिअरला दिसते, पण सिनिअरने ऑर्डर दिलीय म्हणून तो बोलत नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर दोन विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली, त्यातल्या एका कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का अशी शंका काढली होती, कॅप्टनने ती उडवून लावली आणि विषय तिथेच संपला. असल्याच अपघातांमधून वैमानिकांचं टीम ट्रेनिंग उभं राहिलं आणि तिथून ते आपल्या वैद्यकीय क्षेत्रात आलं. म्हणून एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा, "सर, थांबा, ॲलर्जी आहे" इतकं स्पष्ट. आणि लीडर असाल तर केस सुरू व्हायच्या आधीच म्हणा की काही चुकतंय वाटलं तर मला अडवा.

नर्सिंगच्या मुलांना न बोलावता आपल्यातल्याच एकाला नर्स बनवणं पण टाळा, ट्रॉलीत काय कुठे असतं हे त्यांना जास्त माहीत असतं.

आणि डीब्रीफिंग, म्हणजे केसनंतरची चर्चा, सोडून चहाला पळू नका प्लीज! १० मिनिटांच्या केसला २० मिनिटं तरी बोला. "तू शॉक का नाही दिलास?" असं विचारलं की समोरचा सफाई द्यायला लागतो, त्याऐवजी "तेव्हा तुला मॉनिटरवर काय दिसत होतं?" विचारा. आमच्या त्या केसनंतर हे विचारल्यावर कळलं की तिघांना व्हीएफ दिसलं होतं.