गन शेवटी हातात घ्या: मोटरसायकलच्या चाकांचं पावडर कोटिंग शिकणाऱ्यांसाठी

बेळगावात उद्यमबागेत नाहीतर मच्छेच्या बाजूला पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये नवा पोरगा कामाला लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मामा, गन कधी देणार?" आयटीआय करून आलेला असो नाहीतर खानापूर तालुक्यातनं बारावी करून थेट आलेला असो, सगळ्यांना फवारायचं असतं. रंगाची कोरडी पावडर विजेचा चार्ज देऊन गननं धातूवर फवारायची आणि ओव्हनमध्ये भाजून तिचा थर करायचा, हे पावडर कोटिंग. गनला हात बसायला फार दिवस लागत नाहीत. वेळ लागतो तो चाक वाचायला. गिऱ्हाइकाची तक्रार येणार का, चाक रस्त्यावर दगा देणार का, हे पावडर उडायच्या आधीच ठरलेलं असतं.

धंद्याचं चित्र आधी समजून घ्या. आपल्याकडं कोटिंगवाल्याचं पोट चाकांवर चालत नाही. फाउंड्र्या, मशीन शॉप आणि फॅब्रिकेशनचं हे गाव. त्यामुळं रोजचा माल म्हणजे पॅनेल बॉक्स, ग्रिल, मशीनचे गार्ड, खुर्च्यांचे सांगाडे. चाकं येतात ती इंजिनिअरिंगच्या पोरांची, बुलेटवाल्यांची आणि चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन येणाऱ्या ग्रुपची. तरी शिकायला चाकासारखा जॉब नाही. पॅनेल बॉक्स सपाट असतो आणि पत्रा एका जाडीचा. चाकात जाड हब (मधला गाभा), बारीक आरे, खोल कोपरे, मशीन केलेल्या बेअरिंगच्या जागा, आटे, टायर बसायची कड, असं सगळं एका नगात येतं. एक चाक नीट करता आलं की बॉक्स डोळे झाकून होतो.

चाक आलं की रंगाचा कार्ड दाखवायच्या आधी ते उजेडात फिरवून बघा. टायर काढलेलाच पाहिजे. आलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक) असेल तर आरा जिथं रिमला मिळतो तिथं आणि रिमच्या ओठावर बोट फिरवा. तडा दिसला, खड्ड्यात आपटून ओठ वाकलेला दिसला, किंवा कुठं वेल्डिंग करून घासलेलं दिसलं तर थांबा. कोटिंगनं तडा झाकला जातो, भरत नाही. शंका असेल तर रंग पूर्ण काढल्यावर डाय पेनेट्रंट मारून बघता येतं. लाल रंग तड्यात शिरतो आणि पांढऱ्या डेव्हलपरवर रेघ उमटते. तडकलेलं चाक परत पाठवायचं. मालक कुरकुरला तरी पाठवायचं.

मग सगळं सुटं करायचं. बेअरिंग, सील, स्पेसर, डिस्क, एबीएसची रिंग, मागच्या हबमधले रबर, व्हॉल्व्ह. "बेअरिंग राहू द्या की, नवीच आहेत" म्हणणारा गिऱ्हाईक आठवड्याला एक भेटतो. ओव्हनच्या तापमानाला बेअरिंगमधलं ग्रीस आणि रबरी सील टिकत नाही, हे त्याला तिथंच सांगा. तारांच्या चाकात तर तारा उतरवून रिम आणि हब वेगळे करावे लागतात. म्हणजे परत तारा ओढून चाक सरळ करणारा चांगला कारागीर ओळखीचा पाहिजे. तो नसेल तर तारांचं काम घेऊ नका.

जुना रंग काढताना धातू कोणता, हे विसरायचं नाही. कॉस्टिक सोड्याची टाकी लोखंडाला चालते. आलॉय त्यात टाकलं तर ॲल्युमिनियमच विरघळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. आलॉयला रिमूव्हर लावतात, पण मिथिलीन क्लोराइडवाल्या रिमूव्हरची वाफ वाईट असते. उघड्यावर काम, योग्य हातमोजे, आणि ड्रमवर वाकून श्वास घ्यायचा नाही. ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेनं कण मारून धातू साफ करायला, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा ग्लास बीड वापरा. स्टील ग्रिटचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून राहतात आणि पुढं रंगाखाली गंजाचे ठिपके उठवतात. नदीची वाळू मारणारे अजून आहेत. त्या धुळीतल्या सिलिकानं फुप्फुसाला सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. असं शॉप पगार जास्त देत असलं तरी सोडा.

ब्लास्ट झालेल्या धातूला उघड्या हातानं शिवायचं नाही, घामाचा ठसा रंगाखाली राहतो. पावडर नीट धरावी म्हणून रसायनाचा पातळ थर द्यायचा: आलॉयला कन्व्हर्जन कोटिंग, लोखंडी रिमला फॉस्फेटिंग, मग पूर्ण वाळवणं. क्रोम केलेल्या रिमवर पावडर नीट धरत नाही, आधी क्रोम उतरवावं लागतं किंवा चांगलं खरखरीत करावं लागतं.

आता मास्किंग, म्हणजे पावडर नको त्या जागा झाकणं. नव्या पोराला हे काम बायकी वाटतं, मला ते शॉपमधलं सगळ्यात जबाबदारीचं वाटतं. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्याला तो काहीच नाही, पण बेअरिंगची जागा मायक्रॉनच्या हिशोबानं मशीन केलेली असते. तिथं पावडर भाजली की बेअरिंग बसत नाही, मग मेकॅनिक हातोडा घेतो. बेअरिंगच्या जागा, ॲक्सलचं भोक, आटे आणि डिस्क बसते ती सपाट जागा, हे सगळं सिलिकॉनचे बूच आणि उष्णता सोसणारी हिरवी टेप लावून झाकायचं. डिस्कखालची जागा विशेष. तिथं थर राहिला तर बोल्ट आवळताना तो दबतो, काही दिवसांनी बोल्टचा ताण कमी होतो, डिस्क हलायला लागते. ड्रम ब्रेकचं चाक असेल तर आतली लायनर घासते ती जागा ब्लास्टिंगपासूनसुद्धा झाकायची. टायरची कड (बीड) रिमवर बसते त्या जागेवर मी पातळ थर चालवून घेतो, पण ट्यूबलेस चाकात तिथं ओघळ किंवा दाणा नको, हवा तिथनंच जाते.

ओव्हनबद्दल एकच गोष्ट डोक्यात ठेवा: डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, चाकाचा नाही. पावडरच्या खोक्यावर "२०० अंश, १० मिनिटं" असं लिहिलेलं असतं, ते धातू त्या तापमानाला पोचल्यानंतरचं. बारीक आरा लवकर तापतो, जाड हब मागं राहतो. ओव्हन २०० दाखवायला लागल्यावर घड्याळ लावलं तर आरे शिजतात आणि हब कच्चा राहतो. कच्ची पावडर दिसायला एकदम चकचकीत असते. गिऱ्हाईक खूश होऊन जातो आणि पहिल्या दगडाला टवका उडतो. हबला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून एकदा नोंद घ्या. प्रत्येक जातीच्या चाकाला किती वेळ लागतो ते वहीत लिहा, आणि ती वही शॉप बदललं तरी सोबत न्या. इन्फ्रारेड गनवर उघड्या ॲल्युमिनियमचं तापमान कमी दिसतं, चमकत्या पृष्ठभागाला ती फसते. तयार मालावर सॉल्व्हेंटचा बोळा घासून बघायचा. रंग बोळ्याला लागला किंवा जागा मऊ झाली तर भाजणी कमी आहे.

आता दुसरी बाजू. बरीच आलॉय चाकं धातू कडक करायला तापवून, म्हणजे हीट ट्रीटमेंट केलेली असतात आणि त्यातलं शेवटचं एजिंग (बराच वेळ मंद तापवणं) साधारण १५० ते १७० अंशांच्या आसपास झालेलं असतं. म्हणजे आपण त्याच्या वर तापवतोय. एकदा, ठरलेल्या वेळेपुरतं, हे चालतं. "राहू दे अजून अर्धा तास, पक्कं होईल" हे मात्र चालत नाही. तसंच चाक रंग बदलायला पुन्हा पुन्हा ओव्हनमध्ये घातलं की धातू मऊ पडत जातो. कमी तापमानाला शिजणारी पावडर मिळते, आलॉयला मी तीच मागतो. ओतीव धातूत अडकलेली हवा आणि तेल भाजताना बाहेर येतं आणि थरात बारीक भोकं पडतात, म्हणून पावडर मारायच्या आधी चाक एकदा कोरडं तापवून घेतात. तो वेळसुद्धा एकूण हिशोबात धरा.

गनबद्दल थोडक्यात. अर्थिंग चांगलं नसेल तर कितीही महाग गन असू द्या, पावडर जमिनीवर जाते. चाक टांगायच्या हुकावर जुन्या पावडरचा थर चढला की वीज जात नाही, हूक घासायचे. आऱ्याच्या मुळाशी खोल कोपऱ्यात पावडर जायला मागत नाही, कारण चार्ज बाहेरच्या कडांकडं ओढला जातो. आधी कोपरे मारा, व्होल्टेज आणि हवा कमी करून, मग सपाट भाग. भारी रबरी मोजे घालून गन धरू नका, हाताचा तळवा मुठीला लागलाच पाहिजे, नाहीतर तुमच्याच अंगात चार्ज साठतो. बूथमध्ये (फवारायच्या खोलीत) पावडर ओढणारा पंखा बंद करून मारायचं नाही, बिडी तर नाहीच. हवेत तरंगणारी पावडर ठिणगीनं पेटते. बाहेर उन्हात राहणाऱ्या चाकाला पॉलिस्टर पावडर, शुद्ध इपॉक्सी उन्हात खडूसारखी फिकट पडते.

जूनपासून आपल्याकडचं गणित बदलतं. कणकुंबीकडच्या पावसाचं सोडा, शहरातसुद्धा हवा ओली होते. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सकाळी काढायचं, ड्रायर तपासायचा. उघडं ठेवलेलं पावडरचं खोकं गोळा होतं. ब्लास्ट केलेली लोखंडी रिम रात्रभर ठेवली तर सकाळी तांबूस झालेली असते. जेवढं त्याच दिवशी मारून होईल तेवढंच ब्लास्ट करा.

काम शोधताना शॉपमध्ये दोन गोष्टी बघा: ब्लास्टिंग स्वतःचं आहे का, आणि थराची जाडी मोजायचं मीटर वापरात आहे का, की कपाटात आहे. कामापुरतं कन्नड शिकाच. गोकाक, बैलहोंगलकडची माणसं शेजारी असतात आणि गरम हँगर येतोय हे ओरडून कुठल्याही भाषेत सांगितलं तरी कळलं पाहिजे. स्वतःचं शॉप काढायचं मनात असेल तर गनची किंमत बघून भुलू नका. पैसा जातो तो ब्लास्टिंग, कॉम्प्रेसर, ओव्हन आणि थ्री फेज कनेक्शनमध्ये.

चाक परत देताना सांगायचं ते आम्ही कागदावरच देतो. थंड झाल्यावर थर पूर्ण तयार असतो, पेंटसारखं आठवडे थांबायची गरज नाही. धुवायला साधा शाम्पू आणि मऊ कापड, ॲसिडवाला व्हील क्लीनर नको. तापलेल्या चाकावर पाणी मारायचं नाही. गोव्याहून आलं की त्याच दिवशी धुवायचं, खारं पाणी टवक्यातनं आत शिरलं की रंगाखाली गंज सरपटत जातो. टवका पडला तर लगेच टचअप. चेनचं तेल मागच्या रिमवर उडतं, ते रॉकेलच्या ओल्या कापडानं पुसून लगेच धुवायचं, थिनर लावायचा नाही. मॅट रंगावर पॉलिश मारलं तर चकाकणारे डाग पडतात. टायर बदलताना पंक्चरवाल्यासमोर उभं राहायचं, लोखंडी लिव्हरखाली प्लॅस्टिकची पट्टी ठेवायला लावायची, आणि बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं मागायची. डिस्कचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळून घ्यायचे आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासायचे. हे शेवटचं आम्ही लाल पेनानं लिहितो आणि गाडीवाल्याची सही घेतो.