मशरूमच्या खोलीला फॅन आणि कार्बन फिल्टर: पैसे घालण्याआधी या चुका टाळा

ढिंगरी (ऑयस्टर) मशरूमचे देठ वीतभर लांब आणि टोपी शर्टाच्या बटणाएवढी दिसली, की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचलाय हे आता बहुतेकांच्या लक्षात येतं. चूक होते ती पुढे. खान्देशात यावल-रावेर असो की शिरपूर-शहादा, सल्ला हमखास मिळतो: कार्बन फिल्टर लावून घ्या, हवा शुद्ध होईल.

कार्बन फिल्टर कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्यातला सक्रिय कोळसा, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा, वासाचे रेणू धरून ठेवतो. कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता त्यातून आरपार जातात. त्यावर उपाय एकच: आतली हवा बाहेर काढायची आणि ताजी आत घ्यायची. ते काम फॅनचं. फिल्टर जोडला की फॅनची हवा उलट कमी होते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी तो आणला तेच वाढतं.

हा गोंधळ होण्याचं एक कारण सांगतो. नेटवर ग्रो रूमची, म्हणजे बंद खोलीत पीक घेण्याची, जी माहिती सापडते, त्यातली बरीचशी परदेशातल्या गांजाच्या खोल्यांची असते. तिथे दिव्यांची उष्णता मोठी, झाडाचा वास उग्र, आणि तो शेजाऱ्यांपर्यंत जाऊ द्यायचा नसतो. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने तो विषयच बंद. आपली खोली गव्हाच्या नाहीतर सोयाबीनच्या कुटाराची, भरपूर ओलाव्याची, जवळजवळ बिनदिव्याची. त्यांचं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही.

फॅन घेताना सीएफएम आणि सीएमएचची गल्लत

दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. परदेशी व्हिडिओत आकडा सीएफएममध्ये असतो, म्हणजे मिनिटाला घनफूट. आपल्याकडच्या खोक्यावर बहुतेक वेळा तो तासाला घनमीटर, म्हणजे सीएमएच असतो. १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ सीएमएच. '२००' वाचून कोणी २०० सीएफएमचा फॅन समजून घरी नेला, तर खरं तर तो ११८ चा असतो.

समजा खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट. घनफळ १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. ढिंगरीला पिना, म्हणजे मशरूमचे बारीक कोंब, धरल्यापासून तोडणीपर्यंत तासाला पाच-सहा वेळा हवा बदलली की काम भागतं. सहा वेळा धरलं तर तासाला ७२०० घनफूट, म्हणजे १२० सीएफएम किंवा २०४ सीएमएच. पण खोक्यावरचा आकडा फॅनपुढे काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. माशांसाठी लावलेली बारीक जाळी, पाइप, पाइपाचा काटकोन, वर फिल्टर, हे सगळं लागलं की ३० ते ५० टक्के हवा सहज जाते. म्हणून या खोलीला फिल्टरसकट ३५०-४०० सीएमएचचा फॅन बघा. बिनफिल्टरचा असेल तर तीनशेच्या आतबाहेर पुरतो.

मोठाच घेऊन टाकू, हा विचार खान्देशात जास्त महागात पडतो. पिठाच्या गिरणीतला बारा इंची एक्झॉस्ट फॅन याच खोलीतली हवा दीड-दोन मिनिटांत बदलून टाकतो. पावसाळ्यात ते खपून जातं. पण जानेवारीची कोरडी थंडी किंवा मार्चनंतरची गरम हवा त्या वेगाने आत आली, तर ८५-९० टक्के ओलावा टिकणं अशक्य. पिना पिवळ्या पडून वाळतात, फॉगर दिवसभर चालू आणि भिंती तरी कोरड्या. मोठा फॅन आधीच घेतला असेल तर टायमर लावा: तासातून काही मिनिटं चालू, बाकी बंद. रेग्युलेटरने वेग कमी करायचा तर मोटर त्याला चालते का ते आधी विचारा. इन्व्हर्टरवर गुणगुणणारी मोटर रेग्युलेटरवर आणखी तापते.

फॅनचा प्रकारही पाहा. भिंतीत बसणारा साधा पात्यांचा फॅन मोकळ्यावर भरपूर हवा देतो, पण कोळशाच्या थरातून ओढायला त्याच्यात दाब नसतो. पाती फिरतात, आवाज येतो, हवा हलत नाही. फिल्टर लावायचाच असेल तर पाइपात बसणारा इनलाइन फॅनच हवा, मिक्स्ड फ्लो किंवा सेंट्रिफ्यूगल.

हवा खरंच जाते का, हे मोजा

यंत्र लागत नाही. २०० लिटरच्या ड्रममध्ये बसणारी मोठी प्लॅस्टिकची पिशवी घ्या, पूर्ण दाबून हवा काढा, आणि फॅनच्या बाहेरच्या तोंडावर हाताने गच्च धरा. मोबाईलवर व्हिडिओ काढला की सेकंद नीट मोजता येतात. चार सेकंदांत फुगली तर सेकंदाला ५० लिटर, म्हणजे तासाला १८० घनमीटर. दहा सेकंद लागले तर ७२ घनमीटर. वरच्या खोलीला २०४ हवे होते, म्हणजे तिसरा हिस्साच मिळतोय. हे मोजमाप ढोबळ आहे, पण खोक्यापेक्षा खरं बोलतं. पहिल्यांदा फिल्टर काढून आणि मग लावून असं दोनदा करा, फिल्टर किती हवा खातो ते समोर येतं.

हवा कमी भरली की लोक फॅन बदलतात. त्याआधी आत येणारी वाट पाहा. बाहेर काढायचं भोक सहा इंची आणि आत येण्याची वाट म्हणजे दारातली फट, असं असेल तर फॅन कितीही चांगला असो, तो गुदमरतो. आत येण्याची वाट बाहेरच्या भोकाच्या दीडपट-दुप्पट तरी असावी, आणि तिच्यावर बारीक जाळी असेल तर त्याहून मोठी, कारण जाळीची तारच निम्मी जागा खाते. आपल्याकडची धूळ आणि कपाशीच्या हंगामातले रुईचे तंतू या जाळीवर आठवड्यात गादीसारखे बसतात. तिला झाडू मारणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॅन दाराच्या वरच लावणं. हवा दाराच्या फटीतून येते आणि वरच्या वर निघून जाते. मागच्या रांगेतल्या कुटार भरलेल्या बॅगांना त्यातलं काहीच मिळत नाही, तिथल्याच टोप्या बारीक राहतात. अगरबत्ती घेऊन मागच्या कोपऱ्यात उभे राहा. धूर सरळ वर चढत राहिला तर तिथे हवा हलतच नाही. आत येण्याची वाट एका कोपऱ्यात खाली आणि फॅन समोरच्या कोपऱ्यात वर, असं तिरपं ठेवा.

फिल्टर कुणाला लागतो, कुणाला नाही

खोली वस्तीत असेल, शेजारच्या काकू "काय वास मारी ऱ्हायना भो" म्हणत असतील, तर फिल्टरचा विचार करायला हरकत नाही. पण आधी वास कशाचा ते शोधा. निरोगी ढिंगरीच्या खोलीचा वास सौम्य, ओल्या कुटारासारखा असतो. आंबट किंवा सडका वास आला तर कुठल्या तरी बॅगेत पाणी साचलंय किंवा जिवाणू शिरलेत. ती बॅग बाहेर काढा. फिल्टरने वास झाकला तर रोग आतच वाढत राहतो.

बटण मशरूमचं कोंबडी खताचं कंपोस्ट करणाऱ्यांनी तर साध्या कार्बन फिल्टरवर पैसे घालूच नयेत. त्या वासात अमोनिया मोठा असतो आणि साधा कोळसा अमोनिया फारसा धरत नाही. त्याला आम्ल मुरवलेला वेगळा कोळसा लागतो. फॉर्मेलिनचा वासही साधा कोळसा फारसा धरत नाही. कुटार भिजवताना फॉर्मेलिन वापरत असाल तर ते काम खोलीत नाही, उघड्यावर करा.

मग सगळ्यात मोठी अडचण: ओलावा. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली की कोळशाची छिद्रं पाण्याच्या वाफेने भरू लागतात आणि वास धरायला जागा उरत नाही. उगवण खोलीत आपण मुद्दाम ८५-९० टक्के ठेवतो. म्हणजे तिथे लावलेला फिल्टर काही आठवड्यांतच निकामी होतो. त्यावर ढिंगरीचे बीजाणू, जी पांढरी पूड फॅनच्या पात्यांवर दिसते तीच, पहिल्या कापडी आवरणावर चढून रस्ता बंद करतात. फिल्टर घालायचा असेल तर बॅगांमध्ये बुरशीचं पांढरं जाळं पसरतं त्या खोलीला घाला. तिथे हवा कमी बदलावी लागते, हवेतला ओलावाही कमी चालतो.

फिल्टर निवडताना त्याचा सीएफएम फॅनच्या आकड्याइतका किंवा जास्त असावा. छोटा फिल्टर आणि दांडगा फॅन लावला की हवा कोळशात थांबतच नाही, वास तसाच बाहेर. कोळशाचा थर दोन इंचांच्या आसपास असेल तर बरा. फिल्टर हातात घेऊन हलवा: आत कोळसा खळखळला तर थर नीट दाबलेला नाही, वरच्या बाजूला पोकळी होऊन हवा तिथूनच पळते. नवा फिल्टर पहिल्यांदा बाहेर उघड्यावर चालवून काळी भुकटी झाडून घ्या. फिल्टर आत, फॅन त्याच्यानंतर, म्हणजे फॅन ओढतोय, ढकलत नाही, अशी रचना ठेवा. खोलीत हलका ओढा राहतो आणि फटींतून वास बाहेर न जाता हवा आत येते.

इथेच कूलर घोळ घालतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे कूलर झकास चालतो, कारण हवा कोरडी. पण तो खोलीत हवा ढकलतो. एक्झॉस्टपेक्षा कूलर जास्त हवा टाकत असेल तर जादा हवा फिल्टर टाळून दारा-खिडकीच्या फटींतून बाहेर पडते, वासासकट. दार किंचित उघडून फटीशी अगरबत्ती धरून पाहा: धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर कूलरचा वेग कमी करा.

जुना फिल्टर मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवून 'ताजा' करणारेही आहेत. त्याने ओलावा निघतो, तेवढा फायदा खरा. धरलेला वास मात्र बराचसा तसाच राहतो. कोळसा पुन्हा कामाचा करायला कारखान्यात ७०० ते ९०० अंशांची वाफ लागते, जळगावचं ऊन पंचेचाळीसच्या आसपास थांबतं. कापडी आवरण महिन्याला धुवा. ते धुऊन, पूर्ण वाळवून लावल्यावरही फॅनच्या बाहेरच्या तोंडाशी वास येत असेल, तर कोळसा संपला. आवरण झटकताना तोंडाला मास्क बांधा, बीजाणूंनी खोकला आणि छातीचा त्रास होतो. तोडणी टोपीची कड वर वळण्याआधीच केली तर ही पूडच कमी पडते.