गल्फमध्ये लष्करी विमानं दुरुस्त करायला निघालात? आधी ऑफर लेटर असं वाचा

दर दोन-चार महिन्यांनी ओझरला माझ्या घरी कुणीतरी येतं. हवाई दलातला कॉर्पोरल, सार्जंट, क्वचित एखादा जेडब्ल्यूओ, म्हणजे ज्युनियर वॉरंट ऑफिसर. डिस्चार्जला सहा महिने उरलेले असतात, मोबाईलमध्ये एक पीडीएफ असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, साडेदहा हजार दिरहम देतायत, जाऊ का?" मी आत चहा टाकायला सांगतो आणि विचारतो, त्यात बेसिक किती? तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा. हवाई दलात वीस वर्षं काढली, शेवटची काही मालवाहू विमानांवर. २०१७ ला पेन्शन घेतली, २०१८ ला अमिरातीत एका ठेकेदार कंपनीत लागलो, २०२३ ला परत आलो. विमानं तिथल्या लष्कराची, पण पगार आणि व्हिसा कंपनीचा. या एका गोष्टीमुळे आपण तिथे ना फौजी असतो, ना सरकारी नोकर. अमिरातीचा खासगी क्षेत्राचा कामगार कायदा, म्हणजे २०२१ चा ३३ क्रमांकाचा, कंपनीच्या माणसाला लागू होतो. सैन्यदलाच्या किंवा सरकारी खात्याच्या नोकरीवर घेतलं, तर तो लागू होत नाही. म्हणून ऑफर आली की आधी बघा, व्हिसा कुणाच्या नावावर निघणार आहे. पगाराचा आकडा नंतर.

आता बेसिक. माझे एकूण १०,५०० होते. त्यात बेसिक ४,२००, बाकी घरभाडं, वाहतूक आणि 'इतर भत्ता'. मला वाटलं, पैसा खिशात आला की झालं, नाव काहीही असो. पाच वर्षांनी ग्रॅच्युइटीचा कागद हातात आला तेव्हा कळलं. तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक मिळतं, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. माझं दिवसाचं बेसिक १४० दिरहम. १०५ दिवसांचे झाले १४,७००. तेवढ्याच एकूण पगारात बेसिक ६,३०० लिहून घेतलं असतं तर हातात २२,०५० पडले असते. फरक ७,३५० दिरहमचा, तेव्हाच्या भावानं दीड लाख रुपयांच्या वर. एका शब्दाची घासाघीस केली नाही म्हणून गेले. महिन्याच्या ठरलेल्या पगारात कंपनीला एक दिरहमही जास्त द्यावा लागत नाही, त्यामुळे ही मागणी सहीच्या आधी करून बघाच. नंतर कुणी ऐकत नाही.

ओव्हरटाइमही बेसिकवरच निघतो. कायद्यानं आठवड्याला ४८ तास, वरच्या तासाला २५ टक्के जास्त, रात्री दहा ते पहाटे चारमधल्या तासांना ५० टक्के. माझा तासाचा दर १७.५० दिरहम, ओव्हरटाइमचा २१.८७. विमान उड्डाणाच्या यादीवर असलं की आठवडे साठ तासांचे व्हायचे. कायद्यात तीन आठवड्यांना मिळून १४४ तासांची मर्यादा आहे, आम्ही १८० भरायचो. शिवाय एक गोम आहे. दुसऱ्या वर्षी मला 'टीम लीड' केलं. घरी पेढे वाटले. पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम बंद, कारण म्हणे आता मी सुपरवायझर. कायद्यात सूट आहे ती मालकाचे अधिकार हातात असलेल्या सुपरवायझरला. मला तर कुणाची रजाही मंजूर करता येत नव्हती. भांडलो, पण अर्धेच पैसे मिळाले. तेव्हा बढतीचं पत्र आलं तर त्यात ओव्हरटाइमबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मग पेढे आणा.

सौदीची ऑफर असेल तर गणित वेगळं. ओव्हरटाइमला तासाचा पगार आणि वर तासाच्या बेसिकचे निम्मे. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे पूर्ण महिन्याचा. पण राजीनामा स्वतः दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत त्यातला एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. साडेचार वर्षांनी कंटाळून राजीनामा देणारे मी पाहिलेत. सहा महिने कळ काढली असती तर टप्पा बदलला असता.

कुवेत-कतारमध्ये अमेरिकी तळावरच्या ठेक्यासाठी बोलावलं तर आणखी एक कायदा ठाऊक हवा: डिफेन्स बेस अ‍ॅक्ट, १९४१ चा. अमेरिकी लष्कराच्या ठेक्यावर परदेशात काम करणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, इजा झाली तर त्याला औषधोपचार आणि सरासरी आठवडी पगाराच्या दोन तृतीयांश भरपाई मिळते. अट अशी की इजेची लेखी खबर तीस दिवसांत द्यायची. माझ्या एका बॅचमेटचं बोट टो-बारमध्ये, म्हणजे विमान ओढायच्या दांड्यात, चेंगरलं. त्याला गोळी देऊन खोलीवर धाडलं. त्यानं त्याच संध्याकाळी डाव्या हातानं ईमेल टाईप केला: तारीख, वेळ, विमानाचा नंबर न देता नुसती जागा, साक्षीदार. त्या ईमेलवरच पुढे सगळं उभं राहिलं. त्याच ठेक्यांच्या नियमात पासपोर्ट काढून घ्यायला आणि भरतीसाठी कामगाराकडून पैसे घ्यायलाही बंदी आहे.

पैशांवरून एजंट आठवला. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. मुंबईतल्या एका एजंटनं माझ्याकडून नव्वद हजार घेतले आणि पावती वीसची दिली. घाई माझी होती. तुम्ही सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासा. आणि एक लक्षात घ्या, आपण दहावीच्या पुढचे, त्यामुळे पासपोर्ट ईसीएनआर. सरकारी परवान्याची भानगड नाही, असं आपण खुशीत म्हणतो. त्याचा अर्थ आपला करार सरकारी बाजूनं कुणी वाचलेला नसतो. अमिरातीत २०१६ पासून मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर सही करून मगच वर्क परमिट निघतं, आणि करार त्याच्याशी जुळावा लागतो. ती ऑफर हिंदीतही मिळते, मराठीत नाही. कंपनीच्या लेटरहेडवरचं गोडगोड पत्र वेगळं आणि हा कागद वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा.

आणखी एक सापळा तळाच्या पासचा, म्हणजे लष्करी तळावर आत जायच्या परवान्याचा. मला पास मिळायला अकरा आठवडे लागले. तोवर खोलीवर बसून पत्ते खेळलो आणि नुसतं बेसिक मिळालं. 'जॉइनिंग' म्हणजे विमानतळावर उतरल्याचा दिवस की पास हातात आल्याचा, हे लिहून घ्या.

कामाचं विचाराल तर ते आपलंच आहे. स्नॅग म्हणजे बिघाड, पॅनेल, लॉकिंग वायर, टॉर्क रेंच, टूल मोजून आत आणि मोजून बाहेर. फॉर्म ७००, म्हणजे आपली विमानाची नोंदवही, तिच्या जागी कॉम्प्युटर. फरक उन्हाचा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातलं काम बंद, हा नियम आहे. पण हँगर म्हणजे सावली, आणि त्या सावलीत पाना हातात धरवत नाही.

सगळ्यात वाईट जागा विंगमधली इंधनाची टाकी. सी-१३० या मालवाहू विमानाच्या टाकीत सीलंट खरवडायला बारीक अंगाचा माणूस लागतो, आणि तो माणूस हमखास भारतीय किंवा फिलिपिनो निघतो. भोकातून आधी एक हात, मग डोकं, मग तिरका खांदा. आत प्लॅस्टिकचाच स्क्रेपर, धातूचा चालत नाही, ओरखडा उठतो. तोंडावर हवेच्या नळीचा मास्क, घाम डोळ्यांत आणि पुसायला हात वाकत नाही. बाहेरचा जोडीदार दर थोड्या वेळानं विंगच्या पत्र्यावर दोनदा टकटक करतो, आपण आतून दोनदा करायची. एकदा माझा जोडीदार फोन घ्यायला गेला. ती तीन-चार मिनिटं मी मोजलीयत. त्या दिवसापासून गॅस मीटरचं रीडिंग कागदावर आणि जोडीदाराचं नाव फळ्यावर दिसल्याशिवाय आत हात घातला नाही. फोरमन कुरकुरला, पण काढून टाकलं नाही. टाकीचा वेगळा भत्ता आम्हाला नव्हता. तुम्ही विचारा, काही ठेक्यांत असतो.

माझ्याच बेंचवर एक ब्रिटिश होता, त्यांच्या हवाई दलातून निवृत्त. टूलबॉक्स सारखाच, पगार माझ्या तिप्पट. त्यानंच सांगितला, जेवताना. पासपोर्ट पाहून दर ठरतात, हे तिथे कुणी लपवतही नाही. त्यावर माझ्याकडे उपाय एकच आहे, नागरी लायसन्स. युरोपच्या ईएएसएचं किंवा आपल्या डीजीसीएचं विमान-देखभालीचं बी-वन, बी-टू लायसन्स हातात असेल तर दर जरा सरकतो. नुसता हवाई दलाचा अनुभव 'मेकॅनिक' या शब्दापुढे जात नाही. सर्व्हिसमध्ये असतानाच त्या परीक्षेचे मॉड्यूल, म्हणजे पेपर, द्यायला लागा.

बायोडेटात विमानाचा प्रकार, ट्रेड, वर्षं एवढंच. स्क्वॉड्रन, संख्या, शस्त्रं, सर्व्हिसेबिलिटी (किती विमानं उडण्याजोगी आहेत) काही नाही. इंटरव्ह्यूमध्ये कुणी फारच आपुलकीनं विचारलं तर उठून या. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट डिस्चार्जनंतरही सुटत नाही. तिकडचंही तसंच: फोन गेटवर, फोटो नाही, घरच्यांशी फोनवर विमानाचा विषय नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कतारमध्ये आपल्या नौदलातले आठ निवृत्त जण अटकेत गेले, पुढच्या वर्षी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. आरोप काय होते ते जाहीर झालंच नाही. लष्करी ठेक्यात असल्या प्रकरणात अडकलात तर कामगार न्यायालय कामाचं नाही. दूतावासाचा नंबर फोनमध्ये नको, कारण फोन गेटवर असतो. पाकिटात कागदावर ठेवा.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये तिकडूनही द्यावा लागतो. मी एकदा विसरलो, दोन महिने पेन्शन अडकली.

शेवटी ठेका बदलतो. नवी कंपनी येते, शर्टावरचं चिन्ह बदलतं, विमान तेच, बेंच तोच, पण ग्रॅच्युइटीची वर्षं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. जुन्या कंपनीकडून हिशेब चौदा दिवसांत मिळायला हवा. तोवर तळाचा पास परत करू नका, असं मी सांगायचो. पण पास तर ते पहिल्याच दिवशी मागतात. म्हणून अनुभवाचं पत्र, त्यावर विमानाचा प्रकार आणि तारखा, शिक्क्यासकट, पास देण्याच्या आदल्या आठवड्यात मागून घ्या. एकदा गेटबाहेर पडलात की त्या ऑफिसात परत जाता येत नाही. माझ्या पत्रावर प्रकारच नाही, नुसतं 'एअरक्राफ्ट' लिहिलंय.