टॉप सर्जरीनंतरचे पहिले पंधरा दिवस: दुखणं कमी, वैताग जास्त

माझी टॉप सर्जरी, म्हणजे स्तन काढून छाती पुरुषासारखी सपाट करायचं ऑपरेशन, मे महिन्यात झाली, पुण्यात, ऐन उकाड्यात, त्यामुळे पहिलं हेच सांगतो, जमलं तर थंडीतली तारीख घ्या. ऑपरेशनच्या आधी मला सगळी भीती दुखण्याची होती. दुखलं, नाही असं नाही, पण ते गोळ्यांनी आवरतं. जीव खातात त्या बाकीच्या गोष्टी, बाइंडर (छातीवर बांधायचा घट्ट पट्टा), ड्रेन, पाठ, पोट. माझी आडव्या छेदाची आणि निपल ग्राफ्टवाली (निपल काढून नव्या जागी परत बसवतात ती) सर्जरी होती, तुमची वेगळी असेल तर थोडं इकडंतिकडं होईल, आणि तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, माझं नाही.

झोपायचं पाठीवरच, तेही अर्धवट बसल्यासारखं. ताईने लोड आणि तीन उशा लावून उतार करून दिला तरी मी रात्रभर खाली घसरायचो आणि सकाळी कंबर धरलेली. मग गुडघ्यांखाली एक जाड उशी सरकवली, घसरणं बंद. उठताना हातावर भार द्यायचा नाही, कुणीतरी पाठीमागे हात लावायचा आणि आपण पोटाच्या जोरावर उठायचं, पहिले चार दिवस यात लाजू नका.

ड्रेन म्हणजे दोन्ही बाजूंनी नळ्या आणि टोकाला प्लास्टिकचे फुगे, त्यात रक्तमिश्रित पाणी जमतं. बघून पोटात कालवतं पण दोन दिवसांत सवय होते. दिवसातून दोनदा रिकामे करायचे, किती मिली निघालं ते वहीत लिहायचं, आणि फुगा दाबून हवा काढूनच बूच लावायचं, नाहीतर तो ओढतच नाही. साधारण २४ तासांत २५-३० मिलीच्या खाली आलं की बरेच सर्जन ड्रेन काढतात. लटकते ठेवू नका. माझा एक दाराच्या कडीत अडकला आणि जी कळ गेली ती आठवली तरी अंगावर काटा येतो. तेव्हापासून पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालायचो आणि फुगे आतून सेफ्टी पिनने शर्टाला अडकवायचो (पिन वरच्या पट्टीत घाला, फुग्याला भोक नको).

बाइंडर डॉक्टर सांगतील तितके आठवडे दिवसरात्र. चालत असेल तर आत पातळ सुती बनियन घाला, घाम टिपला जातो. खाज सुटली की आत पट्टी घालून खाजवायचं नाही, प्लीज. आमच्या काकूने टाक्यांवर हळद आणि खोबरेल लावायचा आग्रह धरला होता, प्रेमाने नाही म्हणा, पण नाहीच म्हणा. सिगारेट, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद, निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि ग्राफ्ट जगत नाही.

गोळ्या घड्याळ लावून घ्या, कळ वाढायची वाट बघू नका. फक्त क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लॅम, अल्ट्रासेट या सगळ्यांत पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवा, घरातली एखादी मनानेच वर टाकली की डबल डोस होतो. ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं जोरदार औषध) असेल तर पोट साफ होत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!! तिसऱ्या दिवशी छातीपेक्षा पोटाचा त्रास जास्त होता, आणि जोर लावला की टाके ताणतात. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल.

हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणून ऑपरेशनला जायच्या आधीच चहासाखरेचे डबे ओट्यावर आणा. घरी येताना गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मधे मऊ उशी धरा, आपल्याकडचे स्पीडब्रेकर माहितीयेत ना. शिंक किंवा खोकला आला तरी तीच उशी हलकेच छातीशी.

एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, ड्रेन लालभडक रक्ताने भराभर भरायला लागला, ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पू किंवा वास आला तर सकाळची वाट न बघता सर्जनना फोन. धाप लागली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर थेट इमर्जन्सी.

चौथ्या दिवशी मी उगाचच ढसाढसा रडलो. वर्षानुवर्षं हवं होतं ते झालं आणि हा बसलाय रडत, आई घाबरलीच. भूल, औषधं, झोप नाही, वर वॉर्डात जो तो मॅडम मॅडम करणारा, सगळं मिळून होतं, बऱ्याच जणांना होतं. एका मित्राला आधीच सांगून ठेवा, रोज संध्याकाळी येऊन बस, विचारपूस नको, मॅच लाव. पंधरा दिवसांनीही मन तसंच खचलेलं राहिलं किंवा जीव द्यावासा वाटला तर मात्र लगेच बोला, डॉक्टरांशी, घरच्यांशी.

तिसऱ्या आठवड्यात छातीत करंट लागल्यासारखे झटके यायला लागले, मला वाटलं आतला टाका तुटला. तुटलेलं काही नव्हतं, नसा परत जाग्या होताना असं होतं. तोवर कातडी बधिर असते, म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ छातीवर ठेवू नका, भाजलेलं कळतच नाही. खाजही विचित्र येते, बोट ठेवाल तिथे ती नसतेच, मी एकदा अर्धा तास शोधत होतो आणि शेवटी ती काखेजवळ सापडली.