कुत्र्याने चॉकलेट खाल्लं? आधी रॅपर शोधा

गणपतीत चॉकलेट मोदक, दिवाळीत ऑफिसातून आलेले बॉक्स, डिसेंबरात घरोघरी केक, म्हणजे मुंबईत कुत्र्याच्या तोंडाला चॉकलेट लागायला निमित्त शोधावं लागत नाही. खाल्लंय असं कळलं की त्याच्यावर ओरडत बसू नका, रॅपर शोधा, सोफ्याखाली, डस्टबिनमध्ये, त्याच्या अंथरुणात, कारण मिल्क होतं की डार्क, किती ग्रॅमचं आणि किती वाजता खाल्लं हे डॉक्टर फोनवर पहिलं विचारणार. वजनही विचारतील. माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा.

सगळा घोळ कोकोमधल्या थिओब्रोमिनचा. कुत्र्याच्या शरीरात ते निम्मं व्हायलाच साधारण १७-१८ तास लागतात. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला अंदाजे २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ च्या आसपास, कोको पावडरमध्ये २५ च्याही वर, पांढऱ्यात नावालाच. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, ४०-५० ला हृदयावर येतं आणि ६० च्या पुढे फिट. म्हणजे १० किलोच्या इंडीने (देशी कुत्र्याने) ५० ग्रॅमचा मिल्क बार खाल्ला तर बहुतेक पोट बिघडण्यावर निभावतं, पण ३ किलोच्या पॉमने केकसाठी काढलेली १० ग्रॅम कोको पावडर चाटली तर ती सरळ इमर्जन्सी आहे. हा हिशोब घाई किती करायची ते कळायला, फोन मात्र दोन्ही वेळा करायचा. चॉकलेटात मनुका किंवा शुगर-फ्री वाल्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असेल तर हिशोब सोडा आणि निघा.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत की कोणीतरी हमखास सांगणार, मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. अजिबात नको! मिठानेच कुत्रा दगावू शकतो. घशात बोटं घालणं, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद-दूध, यातलं काहीही मनाने करायचं नाही, आणि पग-बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर उलटी श्वासनलिकेत जायची भीती जास्त. डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी काढतात, खाल्ल्यापासून दोनेक तासांत पोचलात तर ते सगळ्यात कामाचं, म्हणून लक्षणांची वाट बघू नका, ती दिसायलाच कधी २ तर कधी १२ तास लागतात. खूप तहान, धापा, एका जागी न बसणं, छातीवर हात ठेवला तर धडधड जोरात लागणं, अंग थरथरणं, यातलं काही दिसलं तर फोन वाटेतूनच करा.

कुठे न्यायचं? परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना माहीत आहेच, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, पण दहिसर-मुलुंडवाल्यांनी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तिकडे धावण्यापेक्षा जवळचा उघडा दवाखाना गाठलेला बरा, फक्त आत्ता डॉक्टर आहेत का हे विचारून निघा. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही हेही लक्षात असू द्या, आणि रात्री कुत्रा बघून टॅक्सीवाले नाही म्हणतात, तेव्हा गाडीवाल्या शेजाऱ्याची बेल वाजवायला लाजू नका.

तिथे विष शोषून घेणारा चारकोल, सलाईन, गरज पडली तर रात्रभर ॲडमिट. घरी आणल्यावर पाणी भरपूर ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी शू करायला खाली न्या, कारण थिओब्रोमिन मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं. त्रास तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. आणि तो उतरल्यावरही पुढचे काही दिवस कुत्रा जेवत नसेल, पोटाला हात लावू देत नसेल किंवा पुन्हा उलट्या काढत असेल तर चॉकलेटमधल्या फॅटने स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, परत दाखवा.